‘सेल्फ’मागचा माणूस

सकाळी कामाच्या घाईत गाडीची किल्ली फिरवावी आणि आतून नुसता ‘कट्’ एवढाच आवाज यावा, हा अनुभव घेतला नाही असा गाडीमालक विरळा. मग बोनेट उघडले जाते, शेजारीपाजारी गोळा होतात आणि कुणीतरी जाणकार निदान करतो की गाडी सेल्फ घेत नाही, बॅटरी उतरली असणार. हा ‘सेल्फ’ आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तो इंग्रजीतल्या सेल्फ-स्टार्टरचा अर्धा तुकडा आहे, हे मात्र थोड्यांच्या लक्षात असते. आणि तो सेल्फ मोटारीत बसवणाऱ्या माणसाचे नाव तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. कर्करोगाच्या संदर्भात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेचे नाव आपण वाचतो, त्यातला केटरिंग तो हाच.

या माणसात मला रस वाटू लागला तो चिखलीत. बँकेतल्या नोकरीची काही वर्षे मी बुलडाणा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी काढली. चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची वाट इथल्या कित्येक पिढ्यांनी पाहिली. त्यामुळे कापूस असो, सोयाबीन असो, की होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला निघालेली माणसे असोत, सगळा भार रबरी चाकांवर. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांची कर्जे हा आमच्या शाखेचा मोठा व्यवहार होता. जीप दोन दिवस उभी राहिली की मालकाचा हप्ता डळमळू लागे, म्हणून गाडी का उभी राहते हे मलाही शिकून घ्यावे लागले. खामगाव रस्त्यावरच्या गॅरेजांत बसून मी जे शिकलो, त्याचा बराचसा भाग बॅटरीविषयी होता. ही बॅटरी मोटारीत आली कुठून, हे शोधता शोधता मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचलो.

अधू डोळ्यांचा मुलगा

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी ओहायोतल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. घर शेतकऱ्याचे, पाच भावंडे. हा चौथा. मुलगा हुशार, पण डोळे अधू. वाचायला बसले की डोके ठणकू लागे. तरी शिकला, गावाकडच्या एकखोलीच्या शाळेत मास्तर झाला आणि साठवलेल्या पैशांवर पुढे कॉलेजात गेला. ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावे लागले.

दुसरा एखादा तिथेच खचला असता. केटरिंग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. खांब रोवायचे, तारा ओढायच्या, जोड द्यायचे. उघड्यावरच्या या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि विजेशी हाताची ओळख झाली. याच काळात ऑलिव्ह विल्यम्स ही मुलगी त्याच्या आयुष्यात आली. 1905 मध्ये त्यांचे लग्न झाले. त्याआधी, 1904 मध्ये, तो विद्यापीठात परतून विद्युत अभियंता झाला होता. पदवी हाती आली तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षे होत आली होती. बरोबरीची मुले तोवर संसारात स्थिरावलेली. पण तारेच्या टोळीतली वर्षे वाया गेली नव्हती. जोड कुठे सैल राहतो आणि ठिणगी कुठे उडते, हे त्याला पुस्तकाआधी बोटांनी कळले होते.

पहिली नोकरी लागली ती डेटन शहरात, दुकानांतली गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. माझ्यासारख्या रोकड मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला याची गंमत वाटते, कारण मोटारीच्या सेल्फचे बीज या गल्ल्यात आहे. गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालत असे. ते विजेवर चालवायचे तर मोटर हवी, पण मोठी मोटर त्या पेटीत मावणार कशी? केटरिंगने विचार केला, की गल्ल्याला जोर लागतो तो क्षणभरच. दिवसभर राबणाऱ्या मोटरीला जेवढे आकारमान लागते तेवढे इथे लागत नाही. छोट्या मोटरीकडून क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचे काम करून घेतले तर ती जळत नाही. तिला लगेच थंड व्हायला सवड मिळते. 1906 च्या सुमारास विजेवरचा गल्ला तयार झाला.

हँडलची दहशत

त्या काळी मोटार चालू करायची म्हणजे पुढच्या बाजूला वाकून लोखंडी हँडल मारायचे. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल जीपच्या नाकात त्या हँडलचे भोक मी चिखलीत पाहिले आहे. तिथले जुने ड्रायव्हर नवशिक्याला पहिली गोष्ट शिकवत ती ही, की हँडल धरताना अंगठा मुठीच्या पलीकडे गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. कारण इंजिनात ठिणगी वेळेआधी पडली, तर हँडल उलटे फिरते आणि पलीकडचा अंगठा किंवा मनगट मोडते. जबडे फुटल्याची उदाहरणेही होती.

डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात यावर एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. बायरन कार्टर नावाचे मोटारी बनवणारे एक गृहस्थ एका पुलावरून चालले होते. कुणा बाईंची गाडी बंद पडलेली पाहून ते मदतीला थांबले, हँडल मारायला गेले, ते उलटे फिरून जबड्यावर बसले आणि त्या दुखण्यातून ते उठलेच नाहीत. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड हे त्यांचे स्नेही. आपल्या गाडीने आता माणूस मारता कामा नये, असा लेलँड यांनी निश्चय केला. या गोष्टीतल्या तारखा नीट जुळत नाहीत. पण हँडलने जायबंदी होणारी माणसे खरी होती आणि लेलँड यांना त्यावर उपाय हवा होता हेही खरे.

केटरिंग तोवर त्यांच्या ओळखीचा झाला होता. कॅश रजिस्टरमधला त्याचा सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या गोठ्यात काही मित्र नोकरी सांभाळून रात्री जमत. तिथे त्यांनी मोटारीत ठिणगी पाडण्याची नवी पद्धत तयार केली आणि 1909 मध्ये कॅडिलॅकने तिच्या हजारो संचांची मागणी नोंदवली. केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्सबरोबर ‘डेल्को’ ही कंपनी काढली.

आता प्रश्न सेल्फचा होता. तज्ज्ञांचे मत असे, की इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर बसवायची तर ती इंजिनाएवढीच होईल. केटरिंगला गल्ला आठवला. इंजिनालाही धक्का लागतो तो क्षणभराचाच. म्हणून छोटी मोटर बसवायची, बॅटरीतून तिला क्षणभर जबरदस्त प्रवाह द्यायचा, आणि इंजिन चालू झाले की त्याच यंत्राने उलट वीज निर्माण करून बॅटरी पुन्हा भरायची. उचल घ्यायची आणि लगेच परतफेड करायची, असा हा सरळ व्यवहार. 1911 मध्ये तो यशस्वी झाला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत सेल्फ बसून बाजारात आला. गाडीच्या दिव्यांनाही याच बॅटरीची वीज मिळाली.

याचे परिणाम दूरवर गेले. हँडल मारण्याची ताकद नसलेले लोक, विशेषतः स्त्रिया, तोवर विजेवरच्या मोटारी पसंत करीत. सेल्फ आल्यावर पेट्रोलची मोटार कुणालाही चालवता येऊ लागली आणि त्या काळच्या विजेच्या मोटारी मागे पडत गेल्या. ज्या बॅटरीने त्या चालत, तिनेच पेट्रोलच्या गाडीला जिंकून दिले.

बॅटरी स्वतः केटरिंगची नव्हे. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही पेटी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये केली होती. केटरिंगने तिला मोटारीत कायमचे घर दिले. आणि 1916 पासून ‘डेल्को-लाइट’ नावाने इंजिन आणि बॅटऱ्यांचे संच काढून वीज न पोहोचलेल्या शेतघरांतही दिवे लावले. तो शेतावर वाढलेला होता. कंदिलाखालचा अभ्यास अधू डोळ्यांना काय करतो, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

आधी काळी, मग लाल

बॅटरी घरची झाली तशी तिची जोखीमही घरची झाली. बारा व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण घरातल्या बल्बला अर्धा अँपियरही लागत नाही आणि सेल्फ सुरुवातीच्या क्षणी शंभर-दोनशे अँपियर ओढतो. तो प्रवाह चुकून लोखंडी पान्यातून गेला तर पाना तापून लाल होतो.

हे मी चिखलीत डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शाखेचा एक कर्जदार, जीपचा मालक आणि चालकही तोच, यात्रेच्या तोंडावर बॅटरी काढायला बसला. हातात पाना, बोटात लग्नातली अंगठी. त्याने लाल तारेची चकती आधी ढिली करायला घेतली. पान्याचे एक टोक प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली. निळी ठिणगी, चरचर आवाज, आणि पाना हातातून सुटेपर्यंत अंगठीखालची कातडी जळून गेलेली. गॅरेजच्या मिस्त्रींनी हात गार पाण्यात बुडवला. बोट वाचले, पण अंगठीची खूण राहिली. यात्रेचे आठ दिवस जीप दुसऱ्याने चालवली.

मिस्त्रींनी त्या दिवशी मला जे समजावले ते असे. गाडीची सगळी लोखंडी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवर पाना लावला आणि तो बॉडीला कुठेही टेकला, की वीज थेट फिरते. मायनस आधी सोडला तर बॉडी बॅटरीपासून तुटते. मग प्लसवरचा पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. म्हणून काढताना आधी काळी तार, मग लाल. जोडताना उलट, आधी लाल आणि सगळ्यात शेवटी काळी. काही जुन्या परदेशी गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असे. तिथे आधी प्लस सोडायचा. म्हणजे खरा नियम रंगाचा नाही. बॉडीला जोडलेली तार आधी सोडायची आणि शेवटी जोडायची, हा नियम.

दुसरी जोखीम डोळ्यांना. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. बॅटरी फुटली तर उडते ते गंधकाम्ल. म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी नको, डोळ्यांवर चष्मा हवा, हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवलेले हवे. इंजिन बंद, किल्ली बाहेर, दिवे-रेडिओ बंद, मगच पाना हातात घ्यावा. सोडलेली काळी तार उडून परत टर्मिनलला चिकटणार नाही अशी बाजूला कापडात गुंडाळून ठेवावी. बॅटरी उभीच उचलावी, आडवी करू नये. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टर्मिनल कोरडी करून चकत्या घट्ट आवळाव्यात. सैल चकती हेच पुष्कळदा ‘सेल्फ घेत नाही’चे कारण असते. अंगावर आम्ल उडालेच तर भरपूर पाण्याने धुऊन, डोळ्यांत गेले असल्यास धूत धूतच डॉक्टरांकडे जावे.

इंजिन चालू असताना बॅटरी सोडून पाहण्याची एक जुनी खोड आहे. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आजच्या अल्टरनेटरच्या गाडीत तेवढ्याने विजेचा दाब एकदम उसळतो आणि संगणकी भाग जळू शकतात. आजच्या गाड्यांत बॅटरी सोडल्यावर घड्याळ आणि इतर नोंदीही पुसल्या जातात, म्हणून गाडीबरोबरचे पुस्तक आधी वाचावे. विजेवरच्या किंवा हायब्रीड गाडीतल्या केशरी रंगाच्या जाड तारांना तर घरी हातच लावू नये. तिथला दाब प्राण घेणारा असतो.

शिशाचा दुसरा हिशेब

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि 1920 पासून 1947 पर्यंत केटरिंग त्या प्रचंड कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख होता. त्याच्या नावावर 186 पेटंटे आहेत. सगळेच यशस्वी झाले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पट्ट्यांनी थंड होणारे त्याचे इंजिन 1923 मध्ये शेवरलेटच्या गाड्यांत बसवले आणि त्या गाड्या परत मागवण्याची वेळ आली. हा फटका त्याच्या जिव्हारी लागला. पण अपयश पचवण्याची सवय त्याला अधू डोळ्यांनी लहानपणीच लावली होती.

त्याच्या आयुष्यातला खरा काळा डाग मात्र यशाचा आहे. पेट्रोलचे इंजिन जोर लावताना खडखडे आणि दोष केटरिंगच्या ठिणगीला दिला जाई. त्याने सिद्ध केले की दोष इंधनात आहे, आणि थॉमस मिजली या सहकाऱ्याला उपाय शोधायला बसवले. 9 डिसेंबर 1921 रोजी उपाय सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थेंबभर मिसळले की खडखड थांबत होती. अल्कोहोल मिसळूनही ती थांबते, हे या मंडळींना माहीत होते. पण अल्कोहोल कुणालाही गाळता येते. शिशाच्या संयुगावर कंपनीचा हक्क राहणार होता.

शिसे विषारी आहे हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडला. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या पाच कामगारांचा भ्रमिष्ट होऊन मृत्यू झाला. 1925 मध्ये सरकारने परिषद बोलावली. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे कडाडून विरोध केला. केटरिंग दुसऱ्या बाजूने उभा राहिला. विक्री थोडा काळ थांबली आणि 1926 मध्ये पुन्हा सुरू झाली. बाजारातल्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. ते ‘एथिल’ म्हणून विकले गेले.

गाडीच्या धुरातून ते शिसे रस्त्यांवर, अंगणांत आणि लहान मुलांच्या रक्तात उतरत राहिले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. भारतात शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आले आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर लागू झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 मध्ये थांबला. एका प्रयोगशाळेत एका दिवशी जोडलेली गोष्ट सोडवायला जगाला शंभर वर्षे लागली. आणि ज्या अल्कोहोलकडे तेव्हा पाठ फिरवली, तेच इथेनॉल म्हणून आज आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते.

केटरिंग दुष्ट होता असे मला वाटत नाही. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्हांला पहिला प्रश्न विचारावा लागे तो परतफेडीचा. सेल्फ बसवताना केटरिंगने तो विचारला होता: घेतलेली वीज बॅटरीत परत कशी जाईल? पेट्रोलमध्ये शिसे टाकताना मात्र त्याने तो विचारला नाही. धुरातून गेलेले शिसे परत गोळा करण्याची कोणतीच वाट त्या योजनेत नव्हती.

अखेरची वर्षे

1945 मध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावरील संशोधनाची संस्था उभी राहिली. कारखान्यातली शिस्तबद्ध संशोधनाची पद्धत रोगावर वापरून पाहावी, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्याच वर्षी त्याची ऑलिव्ह कर्करोगाने गेली. चार दशकांचा संसार संपला. मोठ्या घरात एकटा राहिलेला हा माणूस तरीही कामात राहिला. झाडाचे हिरवे पान उन्हातून अन्न कसे तयार करते, हे कोडे त्याला वर्षानुवर्षे छळत होते आणि त्या संशोधनावर तो स्वतःचा पैसा खर्च करीत होता. 25 नोव्हेंबर 1958 रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला. डेटनशेजारच्या एका शहराला आज त्याचे नाव आहे.

त्याच्या दोन कामांत शिसे आहे. पेट्रोलमधले शिसे हवेत विरले. बॅटरीतले शिसे पेटीत बंद राहते आणि वितळवून पुन्हा वापरता येते, पण आपण ते नीट परत केले तरच. भारतात जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम 2001 मध्ये आले आणि 2022 मध्ये ते नव्याने घालून दिले गेले. म्हणून जुनी बॅटरी चार पैसे जास्त देणाऱ्या, परसात भट्टी पेटवणाऱ्या माणसाला विकू नये; त्या भट्टीच्या धुरात खेळणारी मुले कुणाची तरी असतात. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्यावी आणि पावती घ्यावी. गाडीतून ती काढताना आधी काळी तार सोडावी, मग लाल.